दर शनिवारी अकरा वीसला येणारा राग

बुधवार, दुपार

तीर्थरूप आत्याच्या चरणी (उजवा गुडघा सोडून, तो दुखतो हे मी विसरलेलो नाही) साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याला तू शेक देतेस की शेजारणीला शेक कसा द्यायचा ते सांगत बसतेस? तुळतुळीत पुसलेल्या जिन्यावरून चपला हातात घेऊन उतरतेस ती सवय सोडलीस का? मी इकडे खुशाल आहे. वजन दोन किलोनं वाढलंय आणि पोट दोन बोटं आत गेलंय. हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी कसं जमलं ते पुढे वाचशील तसं कळेल. बाबा तुझ्याकडे आले असताना तू माझं पत्र मोठ्यानं वाचलंस, त्यांनी एक शब्द काढला नाही, पण टीव्हीचा आवाज कमी केला, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी तीनदा वाचलं. किती कमी केला ते मात्र तू लिहिलं नाहीस.

"तू नक्की करतोस तरी काय, चार लोकांत सांगायचं म्हटलं तर मी काय सांगू," असं तू विचारलंयस. प्रश्न रास्त आहे. (पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रागच आला होता. पत्र टेबलावर आपटलं, तर टेबलाचा पायच निखळला. मग राग टेबलावर गेला. तो पाय बसवेपर्यंत तुझा मुद्दा मला पटला होता.) तर ऐक. शहराच्या अगदी मध्यावर, चार रस्ते मिळतात तिथे, विम्याच्या एका जुन्या कचेरीची इमारत आहे. तिची लिफ्ट फक्त वर जाताना चालते. तिसऱ्या मजल्यावर भिंतभर आरसा लावलेला एक लांबोळका हॉल आहे आणि तिथे एक बाई पिलाटीज नावाचा व्यायाम शिकवतात. तू विचारशीलच म्हणून सांगतो: या व्यायामात माणसानं चटईवर आडवं पडायचं, उठायचा मनापासून विचार करायचा आणि उठायचं मात्र नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, ही सगळी मंडळी झोपायला आली आहेत आणि कुणालाच झोप लागत नाहीये. पण दहा मिनिटांत पोटात अशा अशा जागा दुखायला लागतात की ज्या आपल्याला आहेत हे कुणी आपल्याला सांगितलेलंच नसतं. बाई पंचावन्नच्या, वेताच्या काठीसारख्या सरळ, आणि आवाज इतका मऊ की इमारतीला आग लागली तरी त्या "आता सावकाश श्वास सोडत जिन्याकडे" असंच म्हणतील.

त्यांनी शनिवारचा एक कार्यक्रम काढलाय. एक तास व्यायाम, मग शहरातून चालत फेरी, आणि वाटेत इथल्याच चार दुकानांत थांबून खायचं: चीजवाला, लोणचीवाला, सूपवाली आणि शेवटी बेकरी. (आधी ताणायचं, मग चालायचं, मग खायचं. मी पहिल्या आठवड्यात हा क्रम उलटा करून पाहावा असं सुचवलं होतं. बाईंनी फक्त माझ्या पोटावर हात ठेवून मला पाय वर करायला सांगितले. पुन्हा सुचवलं नाही.) या फेरीचा वाटाड्या म्हणजे मी. माझ्या खांद्याला पट्ट्यानं बांधलेली एक निळी चटई असते, उभी, डोक्याच्या वर हातभर जाईल अशी, म्हणजे गर्दीतही दिसावी. निघताना बाई सगळ्यांना नियम सांगतात: निळी चटई जाईल तिकडे जायचं, ती वळेल तिथे वळायचं, ती थांबेल तिथे थांबायचं. वाटेत बोलायचं नाही, विचारायचं नाही, नाकानं श्वास घ्यायचा आणि तोंडानं सोडायचा. बोलल्यानं अन्नाची चव निम्मी होते असं त्यांचं मत आहे. हा नियम नीट लक्षात ठेव आत्या, पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालंय.

शिवाय जोडीचे व्यायाम असतात, त्यामुळे माणसं विषम आली की मलाही चटईवर आडवं व्हावं लागतं. त्यात शंभरी नावाचा एक प्रकार आहे: पाय हवेत, मान वर, आणि हात शंभर वेळा वरखाली. माझी मान साठाला खाली येते. बाई रागावत नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिलेले चाळीस शांतपणे मोजून काढतात, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट असतं.

आता बेकरी. तू बसलेली आहेस ना? बस. बेकरीत एक मुलगी आहे. वडिलांबरोबर पहाटे भट्टी लावते, त्यामुळे तिच्या भुवया कायम पिठानं पांढऱ्या असतात आणि ती आपल्याकडे बघते तेव्हा आपली आजीच बघतेय असं वाटून माणूस आधी सरळ उभा राहतो. पाव छातीशी धरून कापते, एकाच घावात, आणि कडेचा करकरीत तुकडा न विचारता माझ्याकडे सरकवते. मी तो अर्धा खातो आणि तिच्याकडे बघत राहतो, म्हणून उरलेला अर्धा तिथेच राहतो. हे तिच्या लक्षात आलेलं आहे. "अर्धाच खाल्लास," असं ती दर वेळी म्हणते. अकरा आठवडे मी प्रेमात होतो आणि या अकरा आठवड्यांत मी तिच्याशी बोललेलं सर्वांत लांब वाक्य "आज नऊ माणसं आहेत" हे होतं.

असाच तो नऊ माणसांचा शनिवार. त्यात एक निवृत्त मोजणीदार होते. जमीन मोजण्यात त्यांची चौतीस वर्षं गेलेली, अंगात पुष्कळ खिसे असलेला कोट, आणि ओठ सतत हलत असलेले. मला वाटलं जप करतायत. ते पावलं मोजत होते. आमच्या पत्रकावर छापलंय, "व्यायामापासून पावापर्यंत फक्त आठशे पावलं." लोणच्याच्या दुकानापाशी, अकरा वाजून वीस मिनिटांनी (दुकानातल्या घड्याळात तेव्हा बघितलं, ती वेळ आता माझ्या कपाळावर लिहिलीय), त्यांनी बोलायचं नाही हा नियम मोडून फार नम्रपणे सांगितलं की जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून इथपर्यंतच सातशे दोन झाली आहेत, आणि सरळ रस्त्यानं बेकरीपर्यंत अकराशे चाळीस होतात, ते काल येऊन मोजून गेले होते. मी म्हटलं, ज्याची त्याची ढांग. ते म्हणाले ढांग नाही, आकडा चुकलाय. मी म्हटलं आकडा मी काढलाय. (मीच काढला होता. अंदाजे.) त्यावर त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "मोजणी शिकलायत का कुठे? कॉलेज पुरं केलंय ना?"

आत्या, तुला माहीत आहे मी कॉलेज कशापायी सोडलं. मोजणीच्याच प्रात्यक्षिकात परीक्षकांनी माझं अंतर नऊ मीटरनं चुकलंय म्हटलं, मी बरोबर आहे म्हटलं, आवाज चढला आणि मी त्यांची मोजपट्टी विहिरीत टाकून जो निघालो तो तुझ्या दारातच येऊन थांबलो. त्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण गळवावर कुणी चुकून कोपर टेकला तरी दुखायचं ते दुखतंच. मी ओरडलो की मोजत बसा तुम्ही जगभर, मी चाललो, खड्ड्यात गेली ही नोकरी. लोणचीवाल्याच्या बरणीवरचं झाकण माझ्या हातात होतं ते मी आपटलं (नंतर माफी मागितली, झाकणाचा पोचा मात्र गेला नाही) आणि ताडताड चालू लागलो.

चटई माझ्या खांद्यावरच होती. हे मला रागात कळलं नाही, आणि मागच्या नऊ जणांना मात्र तेवढंच दिसत होतं.

मी रागात सरळ चालत नाही. कारंज्याला तीन फेऱ्या घातल्या. कोर्टाच्या पायऱ्या एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरलो. गाड्या लावायच्या मैदानातून तिरका गेलो. एका धोबीखान्याच्या पुढच्या दारानं शिरून वाफेतून मागच्या दारानं बाहेर पडलो, तिथल्या इस्त्रीवाल्यानं "अरे कोण" म्हणून विचारलं तर त्यालाही दटावल्यासारखं बोट दाखवलं. आणि माझ्यामागे, आत्या, एका रांगेत, तोंडातून चकार शब्द न काढता, नाकानं श्वास घेत, तोंडानं सोडत, नऊ माणसं कारंज्याला तीन फेऱ्या घालत होती, पायऱ्या चढत उतरत होती, आणि वाफेतून इस्त्रीवाल्याला ओळीनं बोटं दाखवत होती. त्यांना वाटलं हा हृदयाची गती वाढवायचा भाग आहे. रांगेत शेवटी मोजणीदार, ओठ हलवत.

पाय शेवटी बेकरीतच थांबले, दुसरीकडे कुठे थांबणार? ती पाव कापत होती. मी दारातूनच सुरुवात केली. मी ही नोकरी सोडतोय, हे शहर सोडायची वेळ आली तर शहर सोडतो, कॉलेज सोडलंच आहे, या जगात असं काही नाही जे मी तुझ्यासाठी सोडणार नाही! अकरा आठवड्यांचं साठलेलं एका दमात बाहेर आलं. तिचा सुरा पावात अर्ध्यावर थांबला. तेवढ्यात माझ्या पाठीमागून नऊ जणांनी एकदम "हाऽऽ" करून श्वास सोडला. मी वळलो. रांगेतल्या एक बाई रुमालानं डोळे पुसत होत्या. मोजणीदारांनी बोट वर केलं. "दोन हजार एकशे सहा," ते म्हणाले. "पण रस्ता छान होता."

ती माझ्या खांद्यावरून त्या रांगेकडे बघत म्हणाली, "सगळं सोडशील, पण यांना कुठे सोडणार आहेस?" आणि नऊ तुकडे कापले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं जमीन दुभंगावी. ती दुभंगली नाही, मग मी पाव खाल्ला. अर्धा.

सोमवारी बाईंनी बोलावलं तेव्हा मी राजीनामा लिहूनच गेलो होतो (काढून टाकण्याआधी सोडलेलं बरं, हे माझं आजवरचं धोरण). त्यांनी तो न उघडता लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले. "वाटाड्याचा राग अगदी खरा वाटला." "भांडणानंतरची मूक चाल हा कळस." "शेवटच्या प्रेमाच्या प्रसंगानंतर पावाची चव विसरणं अशक्य." बाईंनी श्वास सोडत विचारलं, दर शनिवारी जमेल ना? मी काही बोलायच्या आत मोजणीदार आले, डायरी घेऊन. त्यांना विचारून झालं होतं. माझा दर आठवड्याला अपमान करायला ते तयार होते. मी खवळून विचारलं, तुम्हाला दुसरं काही काम नाही का? ते म्हणाले, "घरी मोजण्यासारखं काही उरलं नाही हो. दोन ताटं मांडायची सवय होती, तीही मोडली." मग मी खाली बसलो आणि त्यांना म्हटलं, ठीक आहे, करा अपमान.

पण राग म्हणजे काही गिरणीचा भोंगा नाही. जन्मभर ज्यानं मला आगाऊ सूचना न देता रस्त्यात, वर्गात, जेवणाच्या पानावर गाठलं, तो राग अकरा वीसला ये म्हटल्यावर येईना. पुढच्या शनिवारी पंधरा माणसं, मोजणीदार ठरल्या वेळी म्हणाले, "कॉलेज पुरं केलंय ना?" आणि मी चक्क म्हटलं, "नाही हो काका, राहिलं." भले गृहस्थ गडबडून गेले. मग माझ्या अंगातला शर्ट, माझी चाल, माझे कान, सगळ्यांवरून त्यांनी बोलून पाहिलं, आणि प्रत्येक बोलण्यानंतर माझ्या कानाशी येऊन "माफ कर हं बाळ" म्हणत होते. अशानं कुणाला राग येतो? मी झाकण आपटलं (लोणचीवाल्यानं आता त्यासाठी वेगळं झाकण ठेवलंय) आणि तोंड पाडून चालू लागलो. लोकांना तेही आवडलं.

खरी पंचाईत पुढे आहे. असे सहा शनिवार झाले, म्हणजे सहा वेळा मी बेकरीच्या दारात उभा राहून तिच्यासाठी सगळं जग सोडलं. तिनं आता भट्टीची वेळ माझ्या भाषणाशी जुळवलीय. मी "असं काही नाही जे मी" म्हणेपर्यंत गरम पाव बाहेर येतो. ती तिचं वाक्य बरोबर टाळी पडेल अशा बेतानं म्हणते. तिचे वडील आतून डोकावून "आज जरा लवकर आटपा" म्हणतात. आणि काल, मंगळवारी, चटई न घेता, इस्त्रीचा शर्ट घालून (त्याच इस्त्रीवाल्याकडून, त्यानं ओळखलं), मी एकटा गेलो आणि हळू आवाजात, घाम पुसत, खरंखुरं सांगितलं.

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. म्हणाली, "आज मंगळवार आहे. शनिवारचं शनिवारी."

मी म्हटलं, हे खरं आहे. ती म्हणाली, "शनिवारीपण हेच म्हणतोस, याहून मोठ्यानं." मी म्हटलं, मग काय करू म्हणजे खरं वाटेल? तेव्हा तिनं सुरा खाली ठेवला. (ती सुरा खाली ठेवते तेव्हा माणसानं ऐकावं.) "सहा आठवडे ऐकतेय मी. हे सोडीन, ते सोडीन. सोडण्यात तुझा हात कुणी धरणार नाही रे. ज्याला सोडणं इतकं सोपं जातं त्याच्या यादीत माझा नंबर कधी लागेल ते मी काय सांगू? एखादी गोष्ट न सोडता दाखव, मग बघू."

आणि आत्या, तेव्हा आला. तोच, जुना, अस्सल, कानशिलं तापवणारा. मंगळवारी, चार वाजून दहा मिनिटांनी, कुणी न बोलावता. मी वळलो, तीन ढांगांत दारापाशी पोचलो, मूठ कडीवर ठेवली. पुढे काय होणार ते मला पाठ होतं: कारंजं, तीन फेऱ्या, कोर्टाच्या पायऱ्या. सहा शनिवार जे केलं तेच. इतकं तेच की मला माझीच लाज वाटली. जन्मभर मी ज्याला माझा मानी स्वभाव समजत होतो तो लोक टाळ्या वाजवतात असा एक खेळ आहे, आणि आज तो बघायला कुणी नव्हतंच. मी दार आतून लावून घेतलं. परत येऊन काउंटरपाशी उभा राहिलो. शनिवारचा उरलेला कडेचा तुकडा तिनं पाखरांसाठी बशीत ठेवला होता, दगड झालेला. तो घेतला आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. बराच वेळ लागला. ती बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "पाण्याशिवाय?" आणि पेला पुढे केला.

आज सकाळी वर्गात माणसं विषम होती. शंभरीत त्र्याऐंशीपर्यंत गेलो. बाईंनी सतराच मोजले.

तर चार लोकांत सांगायला तुला आता एवढं पुरे. गुडघ्याला जप, जिन्यावर चपला घालूनच उतर. शेजारणीला नमस्कार, बाबांना (समोर असले तर, आणि चेहरा बरा असला तर) नमस्कार. तुला पुन्हा एकदा, डावा गुडघा धरून, नमस्कार.

तुझा,
तापट पण आता वेळापत्रकानं तापणारा भाचा

ता. क. – माझा तपकिरी स्वेटर तुझ्याकडे राहिलाय. सवडीनं पाठव, घाई नाही.

ता. क. २ – स्वेटरचं खोटं आहे, तो मी अंगात घालूनच हे लिहितोय. मला माझी कॉलेजची फाइल हवीय. निघताना तुझ्यापुढे टाकून मी "जाळून टाक" म्हणालो होतो. पण तू फाटकं फडकंसुद्धा कधी टाकलं नाहीस, म्हणून आशा आहे. बहुतेक तांदळाच्या डब्यामागे असेल. परत प्रवेशाची शेवटची तारीख अठ्ठावीस आहे. प्रात्यक्षिकापासून सगळं वर्ष नव्यानं द्यावं लागेल. शनिवारची चटई चालूच राहील, आणि मोजणीदार काका रविवारी सकाळी मोजणी शिकवायला तयार आहेत. त्यांच्याकडे जादा मोजपट्टी आहे आणि जवळपास विहीर नाही. माझं जुनं गणित त्यांनी कागदावर पुन्हा केलं. नऊ मीटर चुकलंच होतं. हे बाबांना सांगू नकोस. (टीव्हीचा आवाज कमी असताना तुझ्या तोंडून निघून गेलं तर माझा इलाज नाही.)

ता. क. ३ – आत्याबाई, नमस्कार. अक्षर बदललेलं तुमच्या लक्षात आलंच असेल. मी बेकरीतली. हे पत्र तो आमच्या काउंटरवर लिहीत होता आणि पाकीट न चिकटवताच वर्गाला पळाला. म्हणजे हेही अर्धंच सोडलं. उघडं होतं म्हणून वाचलं, माफ करा. वर वार बघितला, बुधवार आहे, म्हणून सगळं खरं धरून चालतेय. फाइल जाळली नसेल तर कृपा करून बेकरीच्या पत्त्यावर पाठवा, पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. त्याच्या हाती थेट पडली तर वाटेत कुठे ठेवून देईल, नेम नाही. अठ्ठावीस तारखेला मीच बरोबर जाईन म्हणते. आणि पावलं अकराशे चाळीसच आहेत. मीही मोजली आहेत, दोनदा, बेकरीपासून त्यांच्या वर्गाच्या जिन्यापर्यंत. दोन्ही वेळा पहिल्या पायरीवरून परत फिरले. तेव्हा अर्ध्यावर सोडायची खोड एकट्या तुमच्या भाच्यालाच आहे, असं मनात आणू नका.